एप्रिल आला की स्टेटमेंटं भलत्या वर्षात: वार्षिक संग्रह आपोआप होत नसेल तर काय तपासायचं

वर्ष संपतं आणि सीए ऑफिसमधून निरोप येतो, "मागच्या वर्षाची बारा महिन्यांची स्टेटमेंटं पाठवून द्या." ऑफिसच्या कॉम्प्युटरवर त्यासाठी कुणीतरी एक छोटी स्क्रिप्ट लावून दिलेली असते. ती दर १ एप्रिलला महिन्यांच्या फाइली उचलून वर्षाच्या फोल्डरमध्ये टाकते, असं सगळे धरून चाललेले असतात. फोल्डर उघडला की आत नऊच महिने. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च दुसऱ्याच वर्षात जाऊन बसलेले. कधी फोल्डर तयार झालेला असतो पण रिकामा, कधी फोल्डरच नसतो. मग दिवाणजी किंवा हिशेब बघणाऱ्या ताई अर्धा दिवस घालवून फाइली हाताने जागेवर लावतात, स्टेटमेंटं रवाना होतात आणि विषय मिटतो. पुढच्या एप्रिलला पुन्हा तेच.

कोल्हापूर परिसरातली उदाहरणं घ्या. उद्यमनगरातली वर्कशॉप, शाहू मार्केट यार्डातली गुळाची अडत, गांधीनगरातलं कापडाचं होलसेल दुकान, शिरोली एमआयडीसीतली छोटी फाउंड्री: जिथे हिशेबाचा एकच कॉम्प्युटर आहे तिथे मला हे दुखणं दिसतं. चालू खातं, सीसी (कॅश क्रेडिट) खातं, पतसंस्थेतली ठेव, क्रेडिट कार्ड, वीजबिल, जीएसटीआर-२बी (खरेदीवरच्या जीएसटीच्या वजावटीचा तक्ता), असे दर महिन्याला पाच-सहा कागद पीडीएफमध्ये येतात. वर्षाला साठ-सत्तर फाइली. हाताने लावल्या तरी लागतात, म्हणून स्क्रिप्ट बिघडली तर तिच्याकडे कुणी वळून बघत नाही, आणि दुखणं त्यामुळेच दरवर्षी उलटतं.

दोन गोष्टी आधीच सांगतो, कारण खालचं बाकी सगळं त्यांच्यावर उभं आहे. एक, फाइल कधी तयार झाली यावरून वर्ष ठरवू नका. स्टेटमेंट कोणत्या महिन्याचं आहे यावरूनच ठरवा. दोन, वर्षातून एकदा चालणारं काम वर्षातून एकदाच तपासलं जातं, म्हणून ते दर आठवड्याला चालवा.

आधी कारण ओळखा

जानेवारी ते मार्च चुकीच्या वर्षात गेले असतील तर स्क्रिप्ट कॅलेंडर वर्ष धरून चालली आहे. बहुतेक तयार स्क्रिप्ट जानेवारी ते डिसेंबर या हिशेबाने लिहिलेल्या असतात. आपलं आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. नियम सोपा आहे: महिना चारपेक्षा लहान असेल तर सालातून एक वजा करा, ते वर्षाचं सुरुवातीचं साल. फेब्रुवारी २०२५ म्हणजे २०२५ वजा एक, म्हणजे २०२४-२५. जून २०२५ म्हणजे थेट २०२५-२६. एवढी एक अट घातली की निम्मं काम होतं.

पण निम्मंच. नियम बरोबर असूनही मार्च चुकतो, आणि इथेच लोक सगळ्यात जास्त अडकतात. मार्च २०२५ चं स्टेटमेंट बँकेच्या साइटवरून उतरवलं जातं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. फाइलवर तारीख पडते एप्रिल २०२५ ची. स्क्रिप्ट ती तारीख बघते, महिना चार आहे म्हणते आणि फाइल २०२५-२६ मध्ये टाकते. स्क्रिप्टचं गणित अचूक, तिला दिलेली तारीख चुकीची. हेच दर महिन्याला घडत असतं, फेब्रुवारीचा कागद मार्चमध्ये उतरतो, पण वर्षाच्या आत ते झाकून जातं. उघडं पडतं ते मार्चलाच.

त्यात विंडोज एका फाइलला दोन-तीन तारखा लावतं. 'मॉडिफाइड' म्हणजे आतला मजकूर शेवटचा कधी बदलला ती. 'क्रिएटेड' म्हणजे फाइल या जागी कधी आली ती. पेन ड्राइव्हवरून नव्या कॉम्प्युटरवर फाइली कॉपी केल्या तर मॉडिफाइड तारीख जुनीच राहते, क्रिएटेड मात्र कॉपी केल्याच्या दिवसाची होते. त्यामुळे नवं मशीन घेतल्यावर क्रिएटेड तारखेवर चालणारी स्क्रिप्ट सगळी जुनी वर्षं एकाच फोल्डरमध्ये कोंबते. "कॉम्प्युटर बदलल्यापासून बिघडलं" अशी तक्रार असली की मी आधी हेच बघतो.

उपाय एकच टिकाऊ आहे: स्टेटमेंटचा महिना फाइलच्या नावातच असू द्या, आणि स्क्रिप्टने फक्त नाव वाचावं.

नाव कसं द्यायचं

आधी साल, मग महिना, मग खातं. उदाहरणार्थ '२०२५-०३_चालू', '२०२५-०३_सीसी', '२०२५-०३_कार्ड'. या क्रमाने नाव दिलं की फोल्डरमध्ये फाइली आपोआप महिन्यांच्या क्रमाने लागतात. महिना दोन अंकी ठेवा, नाहीतर नुसत्या अक्षरक्रमाने यादी लावली की दहावा महिना दुसऱ्याच्या आधी येऊन बसतो. आणि नाव देण्याचं काम उतरवणाऱ्या माणसानेच उतरवतानाच करायचं. नंतर करू म्हटलं की ते एप्रिलवर जातं.

इथे मी मराठी आकडे लिहितोय, पण फाइलच्या नावात इंग्रजी आकडेच टाका. हा बारकावा महत्त्वाचा आहे. पॉवरशेलमध्ये (आज्ञा लिहून काम करून घ्यायची विंडोजमधली सोय, स्क्रिप्ट बहुधा त्यातच असते) "इथे अंक आहे का" ही नमुन्याची चाचणी मराठी अंकांनाही होकार देते. पण त्याच अंकांचं संख्येत रूपांतर करायला गेलं की चूक येते. म्हणजे फाइल दारातून आत येते आणि पुढे अडते, आणि कारण पटकन लक्षात येत नाही. खात्याचं नाव मराठीत असायला काही हरकत नाही, त्याची एक अट पुढे सांगतो.

बँकेच्या साइटवरून येणारं मूळ नाव तसंच ठेवलं तर वेगळा धोका आहे. पुष्कळदा दर महिन्याच्या फाइलला एकच नाव असतं. उतरवलेल्या फाइलींच्या फोल्डरमध्ये आधीची फाइल असेल तर ब्राउजर शेवटी कंसात एक, दोन जोडतो. नसेल तर नाव जसंच्या तसं. मग फेब्रुवारीची आणि मार्चची फाइल सारख्याच नावाने वर्षाच्या फोल्डरकडे निघते. जुन्या बॅच फाइलमध्ये (ओळीने आज्ञा लिहिलेली जुन्या पद्धतीची स्क्रिप्ट) 'मूव्ह' ही आज्ञा वापरली असेल तर ती न विचारता जुनी फाइल पुसून नवी ठेवते. हाताने टाइप केली तर ती "बदलू का" विचारते, बॅच फाइलच्या आतून चालली तर विचारत नाही. बारा महिन्यांऐवजी एकच फाइल सापडली तर कारण बहुधा हेच. पॉवरशेलची 'मूव्ह-आयटम' त्या मानाने सुरक्षित आहे: त्या नावाची फाइल आधीच असेल तर ती चूक दाखवते आणि थांबते. मात्र तिला 'फोर्स' जोडू नका. जोडलेला दिसला तर काढून टाका.

पीडीएफ उघडून आतला कालावधी स्क्रिप्टनेच वाचावा, असं काही जण सुचवतात. मी त्या वाटेला जायला सांगत नाही. बहुतेक स्टेटमेंटना पासवर्ड असतो, मांडणी मधूनच बदलते, आणि मग वर्षातून एकदा होणारा बिघाड दर महिन्याला होऊ लागतो. नाव द्यायला दहा सेकंद लागतात.

क्रेडिट कार्ड आणि पाडवा

कार्डाचं बिल महिन्याच्या एक तारखेला सुरू होत नाही. समजा, बिलाचं चक्र १६ मार्च ते १५ एप्रिल आहे. हा कागद दोन्ही वर्षांना लागतो: ३१ मार्चपर्यंतचा खर्च मागच्या वर्षात, उरलेला पुढच्या. नाव बिलाच्या शेवटच्या तारखेच्या महिन्यावरून द्या, म्हणजे एप्रिल, आणि त्याची एक प्रत मागच्या वर्षाच्या फोल्डरमध्येही ठेवा. त्यामुळे कार्डाच्या फाइली वर्षाला बारा नव्हे, तेरा होतात. स्क्रिप्टला मोजणी शिकवाल तेव्हा हे लक्षात ठेवा, नाहीतर ती दरवर्षी नाहक ओरडत राहील.

गुळाच्या अडतीत आणखी एक पेच येतो. तिथे हंगाम दिवाळी पाडव्याच्या सौद्याने सुरू होतो, चोपडीपूजनही तेव्हाच, आणि जुन्या मंडळींच्या डोक्यात वर्ष म्हणजे पाडवा ते पाडवा. व्यवहाराच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाचे कागद) आणि उचल (आगाऊ दिलेली रक्कम) हंगामावरच बघितली जाते. पण दोन्ही वर्षांचे फोल्डर एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीच्या नावाने ठेवले की स्क्रिप्टही गोंधळते आणि माणूसही. हंगामाचे कागद वेगळ्या मुख्य फोल्डरमध्ये ठेवा आणि स्क्रिप्टला तिकडे फिरकू देऊ नका. बँक, जीएसटी आणि आयकराचे कागद एप्रिल ते मार्च.

स्क्रिप्ट बरोबर आहे, पण चालतच नाही

आता टास्क शेड्युलर, म्हणजे ठरलेल्या वेळी काम आपोआप सुरू करणारी विंडोजची सोय. माझ्या बघण्यातले निम्मे बिघाड इथले.

आधी इतिहास चालू करा. टास्क शेड्युलर उघडल्यावर उजव्या बाजूला 'एनेबल ऑल टास्क्स हिस्टरी' दिसतं; ते मुळात बंद असतं, म्हणून मागे काय झालं ते कळत नाही. मग आपल्या कामासमोरचा 'लास्ट रन रिझल्ट' वाचा. शून्य एक्स शून्य (पडद्यावर 0x0) म्हणजे ठीक. शून्य एक्स ४१३०३ म्हणजे काम अजून एकदाही चाललेलं नाही. शून्य एक्स दोन म्हणजे दिलेली फाइल त्या जागी सापडली नाही.

शून्य एक्स एकबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं. सहसा त्याचा अर्थ स्क्रिप्ट आत कुठेतरी अडली, आणि पुष्कळदा कारण असतं 'स्टार्ट इन' ही चौकट रिकामी असणं. ती रिकामी असली की स्क्रिप्ट विंडोजच्या सिस्टम फोल्डरमधून सुरू होते आणि तिथे तुमच्या फाइली शोधत बसते. स्क्रिप्ट जिथे आहे त्या फोल्डरचा पूर्ण पत्ता तिथे भरा, अवतरणचिन्हं न लावता. पण बॅच फाइलची शेवटची ओळ 'रोबोकॉपी' (फाइली कॉपी करायची विंडोजची आज्ञा) असेल, तर हाच एक म्हणजे काम फत्ते. रोबोकॉपीच्या भाषेत शून्य म्हणजे कॉपी करण्यासारखं काही नव्हतं, एक म्हणजे फाइली नीट कॉपी झाल्या, आणि आठ किंवा त्यापुढचा आकडा आला तरच काहीतरी फसलं. एक बघून चांगली चालणारी स्क्रिप्ट मोडून नवी लिहिल्याचं मी पाहिलंय. आकडा वाचण्याआधी शेवटची ओळ वाचा.

काम चाललंच नसेल तर कारणं ठरलेली आहेत.

१ एप्रिलला कॉम्प्युटर बंद होता. त्या दिवशी बँका वार्षिक ताळेबंदासाठी ग्राहकांना बंद असतात, ऑफिसमध्येही ढिलाई असते. ज्या वर्कशॉपला सोमवारी साप्ताहिक सुट्टी आहे त्यांची १ एप्रिल २०२४ तर सरळच गेली, कारण तो सोमवार होता. चुकलेलं काम विंडोज आपण होऊन नंतर करत नाही. कामाच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'रन टास्क ॲज सून ॲज पॉसिबल आफ्टर अ शेड्यूल्ड स्टार्ट इज मिस्ड' या ओळीवर खूण करावी लागते, आणि ती मुळात नसते. खूण केल्यावरही मशीन सुरू होताच काम सुटत नाही, साधारण दहा मिनिटं जातात; तेवढ्यात "चाललं नाही" म्हणून पुन्हा हात घालू नका.

यूपीएस. हे फार कमी जणांना सुचतं. 'कंडिशन्स'मध्ये 'कॉम्प्युटर विजेच्या जोडणीवर असेल तरच सुरू करा' अशी खूण आधीच असते. लॅपटॉपसाठी ती ठीक आहे. पण डेस्कटॉपला यूपीएस यूएसबी वायरने जोडला असेल तर विंडोज त्याला बॅटरीच समजतं. वीज गेलेली असताना, यूपीएसवर, कामाची वेळ आली की काम सुरूच होत नाही, आणि चालू असलेलं मध्येच थांबू शकतं. पावसाळ्याआधी, वळीव सुरू झाला की, आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. दोन मिनिटांच्या कामासाठी ही अट नको. खूण काढून टाका.

लॉगिन आणि पासवर्ड. 'युजर लॉगिन असो वा नसो, चालवा' असं निवडलं असेल तर काम त्या वेळचा पासवर्ड साठवून ठेवतं. पुढे कुणी विंडोजचा पासवर्ड बदलला की काम गपचूप बंद पडतं. शिवाय या प्रकारात नेटवर्कवरचा 'झेड' किंवा 'वाय' अशा अक्षराचा ड्राइव्ह दिसत नाही, कारण ते अक्षर तुमच्या लॉगिनपुरतं असतं. तिथे दोन उलट्या तिरक्या रेषांनी सुरू होणारा पूर्ण नेटवर्क पत्ता द्या. एकच माणूस वापरत असलेल्या मशीनवर मी सरळ 'लॉगिन असतानाच चालवा' निवडतो, कटकट कमी होते.

पॉवरशेलची परवानगी. घरगुती विंडोजवर स्क्रिप्ट चालवण्याला मुळात मनाई असते. शेड्युलरच्या आज्ञेत 'एक्झिक्युशन पॉलिसी बायपास' जोडलं नसेल तर काळी खिडकी क्षणभर चमकते आणि काहीच होत नाही.

विंडोज पुन्हा टाकल्यावर बिघडलं

मशीन स्लो झालं म्हणून कुणाकडून तरी फॉर्मॅट करून घेतलं, आणि तेव्हापासून विचित्र नावांचे फोल्डर तयार होतायत: हे लक्षण जुन्या बॅच फाइलींचं. त्या 'डेट' हे व्हेरिएबल घेऊन त्यातली अक्षरं मोजून कापतात: पहिली दोन म्हणजे दिवस, मग दोन म्हणजे महिना. भारताच्या सेटिंगमध्ये तारीख दिवस-महिना-साल अशी येते. फॉर्मॅटनंतर प्रदेश 'युनायटेड स्टेट्स' राहिला तर आधी वाराचं नाव येतं, मग महिना, मग दिवस, आणि मध्ये तिरक्या रेषा. कापणी सगळी सरकते, तिरकी रेष फोल्डरच्या नावात गेली की फोल्डरच्या आत फोल्डर तयार होतो. सेटिंग बदलून आजचं भागेल, पण पुढच्या फॉर्मॅटला पुन्हा तेच. तारीख पॉवरशेलच्या 'गेट-डेट'कडून घ्या आणि साल, महिना हे आकडे म्हणून वेगवेगळे मागा. मग प्रदेश कुठलाही असो.

मराठी नावांची अट इथेच सांगतो. स्क्रिप्टमध्ये 'चालू' किंवा 'पतसंस्था' असे मराठी शब्द असतील तर नोटपॅडमध्ये सेव्ह करताना खाली एन्कोडिंगमध्ये 'यूटीएफ-८ विथ बॉम' निवडा. नुसतं यूटीएफ-८ निवडलं तर विंडोजसोबत येणारं पॉवरशेल ५.१ ती फाइल जुन्या पद्धतीने वाचतं, मराठी अक्षरांचा चिखल होतो आणि फाइली सापडत नाहीत. नोटपॅड आता मुळात बॉम नसलेलं यूटीएफ-८ निवडतं, म्हणून दर वेळी ही चौकट बघून सेव्ह करा.

वर्षातून एकदा नको

टास्क शेड्युलरमध्ये वार्षिक असा पर्यायच नाही. महिन्याचा पर्याय निवडून एकाच महिन्यावर खूण करतात. तसं करू नका. वर्षभरात पासवर्ड बदलतो, फोल्डर हलतो, मशीन फॉर्मॅट होतं, आणि यातलं काहीही एप्रिलपर्यंत कळत नाही. शिवाय एप्रिलमध्ये सगळ्यांचीच घाई. त्यापेक्षा काम आठवड्यातून एकदा, ऑफिस भरात असताना, बुधवारी दुपारी वगैरे चालवा, आणि ते असं लिहा की दहा वेळा चाललं तरी नुकसान होणार नाही.

म्हणजे असं. 'आवक' नावाचा एक फोल्डर. उतरवलेली, नाव दिलेली फाइल तिथे टाकायची. स्क्रिप्ट आवक फोल्डर उघडते. ज्या फाइलचं नाव ठरलेल्या नमुन्यात बसतं तिचं साल-महिना वाचते, आर्थिक वर्ष काढते, त्या वर्षाचा फोल्डर नसेल तर करते, फाइल आत ठेवते. नमुन्यात न बसणारी फाइल जागची हलवायची नाही, फक्त नोंदवहीच्या टेक्स्ट फाइलमध्ये तिचं नाव लिहायचं. आवक फोल्डर रिकामा असेल तर तेवढी नोंद करून गप्प बसायचं. फाइल एक्सेलमध्ये किंवा पीडीएफ रीडरमध्ये उघडी असली तर हलवताना चूक येऊ शकते. तीही नोंदवायची आणि पुढच्या फाइलकडे जायचं, सगळं काम थांबवायचं नाही. ती पुढच्या बुधवारी जाईल.

वार्षिक संग्रह म्हणजे मग वेगळं काही उरत नाही. वर्षाचा फोल्डर एप्रिलपासूनच भरत आलेला असतो. उरतं ते फक्त मोजणं आणि बंद करणं. प्रत्येक खात्याचे बारा महिने आहेत का, कार्डाचे तेरा आहेत का, हे स्क्रिप्टने दर आठवड्याला मोजून जे नाही त्याचं नाव नोंदवहीत लिहावं: "२०२४-२५, सीसी, नोव्हेंबर नाही." हे वाक्य डिसेंबरमध्ये दिसलं तर बँकेच्या साइटवरून दोन मिनिटांत कागद मिळतो. ते पुढच्या वर्षी सीएंच्या टेबलावर दिसणं फार महागात पडतं.

बंद कधी करायचं? १ एप्रिल तर नक्कीच नाही. मार्चचं बँक स्टेटमेंट पहिल्या आठवड्यात येतं, मार्चचं जीएसटीआर-२बी १४ एप्रिलला तयार होतं, कार्डाचं बिल महिन्याच्या मध्याला. आणि शेवटच्या तिमाहीचं टीडीएस विवरण भरायची मुदत ३१ मेपर्यंत असते, त्यामुळे २६एएस (आपल्या नावावर जमा झालेल्या टीडीएसचा आयकर खात्याचा तक्ता) त्याआधी पूर्ण असेलच असं नाही. मी १ जुलै धरतो. त्या तारखेनंतर पहिल्यांदा जेव्हा मोजणी पूर्ण भरेल तेव्हाच वर्ष बंद. भरली नाही तर जुलै असो की ऑगस्ट, बंद करायचं नाही.

बंद करणं म्हणजे झिप करणं असं अनेक जण समजतात. पीडीएफ आतून आधीच दाबलेली असते, झिप करून जागा फारशी वाचत नाही. उलट एखादा कागद बघायचा तर सगळं उघडावं लागतं, आणि झिप खराब झाली तर अख्खं वर्ष जातं. मी फोल्डर तसाच ठेवतो, फाइलींना 'रीड ओन्ली' करतो आणि 'गेट-फाइलहॅश'ने प्रत्येक फाइलचा ठसा (आतल्या मजकुरावरून निघणारा, मजकूर बदलला की बदलणारा आकडा) काढून त्याच फोल्डरमध्ये एका टेक्स्ट फाइलमध्ये ठेवतो. दुसऱ्या डिस्कवर प्रत नेल्यावर तिथे पुन्हा ठसे काढायचे. जुळले तर प्रत बरोबर. मूळ फाइल पुसायचीच असेल तर ठसे जुळल्यानंतर.

हे सगळं आधी खऱ्या फाइलींवर करू नका. एक चाचणी फोल्डर घ्या, त्यात बारा रिकाम्या फाइली योग्य नावाने, एक चुकीच्या नावाची आणि एक मराठी अंकांची ठेवा. 'मूव्ह-आयटम'ला 'व्हॉटइफ' जोडून चालवा. ती काही न हलवता काय हलवलं असतं ते सांगते. मार्च आणि एप्रिलच्या ओळी नीट वाचा, बाकीच्या वरवर पाहिल्या तरी चालतील.

प्रत कुठे ठेवायची

जीएसटी कायद्यात हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाचं वार्षिक विवरण भरायच्या नियत तारखेपासून ७२ महिने ठेवायला सांगितली आहेत. २०२३-२४ साठी ती तारीख होती ३१ डिसेंबर २०२४. म्हणजे ते फोल्डर २०३० च्या डिसेंबरअखेरपर्यंत हवेत. खटला किंवा अपील चालू असेल तर त्याहून जास्त. कंपनी असेल तर कंपनी कायद्याप्रमाणे आठ आर्थिक वर्षं.

इतका काळ एकच डिस्क टिकेल असं धरू नका, आणि कोल्हापुरात तर दुसरी डिस्क त्याच टेबलाच्या खणात ठेवू नका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, लक्ष्मीपुरीच्या बाजूच्या तळमजल्यावरच्या दुकानांत पाणी शिरलं तेव्हा कॉम्प्युटर आणि त्याची बॅकअप डिस्क एकत्रच भिजल्या. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट; पाणी इशाऱ्याकडे सरकायला लागलं की लोक माल हलवतात, फाइलींची आठवण शेवटी होते. एक प्रत कायमची उंचावर किंवा दुसऱ्या भागातल्या घरी असू द्या, आणि ती डिस्क कॉपी करण्यापुरतीच जोडा, एरवी सुटी. म्हणजे व्हायरसने मशीनवरच्या फाइलींना कुलूप लावलं तरी ती वाचते.

त्या डिस्कवर कॉपी करायला रोबोकॉपी वापरत असाल तर 'मिरर' हा पर्याय टाळा. मिरर म्हणजे मूळ जागी जे नाही ते प्रतीतूनही काढून टाकणं. चुकून एखादं वर्ष मूळ मशीनवरून पुसलं गेलं की पुढच्या कॉपीत ते डिस्कवरूनही जातं. रिकाम्या फोल्डरांसकट सगळं कॉपी करणारा साधा 'ई' पर्याय पुरेसा आहे.

आणि पासवर्ड. स्टेटमेंटच्या पीडीएफचा पासवर्ड कसा बनतो याचा नियम बँका मधूनच बदलतात, आणि जुनी फाइल जुन्याच नियमाने उघडते. सहा वर्षांनी तो कुणाला आठवणार नाही. कोणत्या महिन्यापासून कोणता नियम, हे ऑफिसच्या वहीत हाताने लिहून ठेवा. त्याच फोल्डरमध्ये टेक्स्ट फाइल करून नको. प्रिंट टू पीडीएफने पासवर्ड काढलेली प्रत सोयीची वाटते, पण त्यात बँकेची डिजिटल सही राहत नाही, म्हणून मूळ फाइल पुसू नका.

आधीच विस्कटलेल्या वर्षांचं काय

मागची चार-पाच वर्षं मिसळून गेली असतील तर स्क्रिप्टकडून ती लावून घेण्याचा मोह टाळा, कारण त्या फाइलींच्या नावात महिना नाही आणि तारखांवर भरवसा ठेवता येत नाही. सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये कॉपी करा, प्रत्येक उघडून कालावधी बघा, नाव द्या आणि आवकमध्ये टाका. पुढचं स्क्रिप्ट करेल. सुरुवात सगळ्यात अलीकडच्या बंद वर्षापासून करा आणि मागे मागे जा, कारण नोटीस आली तर आधी लागणार ते अलीकडचेच कागद. दोन फाइली एकाच महिन्याच्या निघाल्या तर आकार आणि शेवटची शिल्लक पडताळा. पुष्कळदा एक अर्ध्या महिन्यात उतरवलेली असते. पूर्ण महिना असलेली ठेवा. एखादा महिना कुठेच मिळाला नाही तर आधी नेट बँकिंगवर बघा. तिथे तेवढं मागचं दिसत नसेल तर शाखेत अर्ज द्या, आणि अर्जाची पोच त्या महिन्याच्या नावाने त्याच वर्षाच्या फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे कागद येईपर्यंत ती जागा का रिकामी आहे हे बघणाऱ्याला कळेल.